तोंडाला पाणी सुटते तेव्हा मेंदूत काय होते? पावलोव्ह, त्यांचे कुत्रे आणि भुकेचा शोध

भूक पोटात लागते, असे आपण म्हणतो. पण पोटात घास पडण्याआधीच मेंदू पचनाची तयारी सुरू करतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका रशियन शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवले. त्याच शास्त्रज्ञावर पुढे स्वतः उपाशी राहण्याची वेळ आली.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. जेवण होऊन दोन तास झालेत, पोट भरलेले आहे. तेवढ्यात फोनवर एक नोटिफिकेशन येते, सोबत वाफाळत्या बिर्याणीचा फोटो. बोट स्क्रीनवर थांबते आणि तोंडाला पाणी सुटते. शरीराला या क्षणी अन्नाची गरज नाही. मग ही भूक आली कुठून?

या प्रश्नाचा माग काढायला लागलो की आपण इव्हान पेत्रोविच पावलोव्ह यांच्यापाशी पोहोचतो. शाळेच्या पुस्तकात भेटलेले तेच पावलोव्ह. घंटा वाजली की लाळ गाळणारा कुत्रा, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांच्या लक्षात राहते. प्रत्यक्षात त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्या कामाच्या केंद्रस्थानी घंटा नव्हती, खाण्याची इच्छा होती.

पाद्रीबाबांचा मुलगा प्रयोगशाळेत कसा आला?

पावलोव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ चा, मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रियाझान गावातला. वडील चर्चमध्ये पाद्री होते. घरात मुले पुष्कळ आणि इव्हान सर्वांत थोरला. वडिलांना बागकामाचा नाद होता, तो मुलालाही लागला. (हा बागकामाचा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.) लहानपणी उंचावरून दगडी फरशीवर पडल्यामुळे त्याला जबर दुखापत झाली आणि शाळा सुरू व्हायला अकरावे वर्ष उजाडले.

घराण्याच्या रीतीप्रमाणे तो धर्मशिक्षण देणाऱ्या सेमिनरीत गेला. पण ते दशक रशियात विज्ञानाच्या वाऱ्याचे होते. इव्हान सेचेनोव्ह यांचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक तरुणांमध्ये हातोहात फिरत होते. आपण ज्याला मन म्हणतो तेही शेवटी मज्जासंस्थेचेच काम आहे, असा त्या पुस्तकाचा रोख होता. पावलोव्ह यांनी पाद्री होण्याचा विचार सोडला आणि १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ गाठले.

पुढची वीस वर्षे हलाखीची गेली. स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवरच्या कामासाठी विद्यार्थिदशेतच सुवर्णपदक मिळाले, १८८३ मध्ये हृदयाच्या मज्जातंतूंवर डॉक्टरेट झाली, जर्मनीत दोन वर्षे नामांकित शरीरशास्त्रज्ञांकडे काम झाले. पण कायमची नोकरी नव्हती. १८८१ मध्ये सेराफिमा यांच्याशी लग्न झाले आणि पहिला मुलगा तान्हा असतानाच गेला. प्राध्यापकपद मिळाले ते १८९० मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर. पुढच्याच वर्षी नव्याने उभ्या राहिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिनमध्ये शरीरशास्त्र विभागाची सूत्रे हाती आली. या प्रयोगशाळेच्या विस्ताराला लागलेल्या पैशांत एक देणगी १०,००० रुबलची होती आणि ती देणाऱ्याचे नाव होते आल्फ्रेड नोबेल.

गळ्यातून बाहेर पडणारा घास

त्या काळच्या शरीरशास्त्रात प्राण्याला टेबलावर बांधून चिरायचे, काय दिसते ते टिपायचे आणि प्राणी मरेपर्यंत जेवढे कळेल तेवढे कळून घ्यायचे, अशी पद्धत होती. पावलोव्ह यांना हे पटत नव्हते. वेदनेने कळवळणाऱ्या, गुंगीत असलेल्या प्राण्याचे पचन नेहमीसारखे चालणारच नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी माणसांच्या रुग्णालयासारखे शस्त्रक्रियागृह उभारले. भूल, निर्जंतुकीकरण, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल असे सगळे तिथे होते. कुत्रा बरा झाला की तो पुढे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे प्रयोगात राहायचा. तरीही ही हकीकत गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेचे तंत्र जमेपर्यंत अनेक कुत्रे दगावले आणि जगलेल्यांचे आयुष्यही सुखाचे नव्हते.

१८८९ च्या सुमारास एकातेरिना शुमोवा-सिमानोव्स्काया या सहकारी डॉक्टरसोबत पावलोव्ह यांनी जो प्रयोग केला तो आजही पाठ्यपुस्तकांत आहे. कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी कापून तिची तोंडे बाहेर त्वचेला जोडली. जठरालाही एक नळी बसवली. आता कुत्रा मांस चावायचा, गिळायचा आणि घास मानेच्या छिद्रातून समोरच्या भांड्यात पडायचा. तो तेच मांस पुन्हा खायचा. खाणे तासन् तास चालू, पण पोटात कणही नाही.

तरीही खायला सुरुवात केल्यावर पाचेक मिनिटांत जठराच्या नळीतून स्वच्छ, आंबट जठररस टपकू लागायचा आणि बघता बघता शेकडो मिलिलिटर जमायचा. रिकाम्या पोटाला अन्न येत असल्याची बातमी कोणी दिली? मेंदूपासून जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्ह कापल्यावर उत्तर मिळाले. कुत्रा पूर्वीइतक्याच आवडीने खात होता, पण रस आटला. बातमी मेंदूकडूनच येत होती.

याचा उलटा प्रयोग आणखी बोलका आहे. कुत्र्याचे लक्ष नसताना, त्याला वासही येऊ न देता, नळीतून पाव थेट जठरात सोडला. तासभर उलटला तरी रसाचा पत्ता नाही. पाव तसाच पडून. तोच पाव कुत्र्याने आवडीने खाल्ला असता तर पचन केव्हाच सुरू झाले असते. खाण्याची उत्कट इच्छा हीच जठररसाची पहिली आणि सर्वांत जोरकस चालना आहे, असा निष्कर्ष पावलोव्ह यांनी काढला.

नियंत्रण प्रणाली शिकलेल्यांना यात ओळखीचे काही दिसेल. थर्मोस्टॅट खोली थंड झाल्यावर हीटर चालू करतो, म्हणजे आधी बिघाड, मग दुरुस्ती. मेंदू मात्र अन्न येण्याचा अंदाज बांधून आधीच यंत्रणा सुरू करतो. आज वैद्यकात याला पचनाचा ‘सेफॅलिक’, म्हणजे डोक्यातून सुरू होणारा टप्पा म्हणतात. अन्नाचा वास, चव किंवा नुसते दर्शन पुरते. लाळ आणि जठररस पाझरतात, स्वादुपिंडही थोडे इन्सुलिन आगाऊ सोडते. बिर्याणीच्या फोटोने होते ते हेच.

आहार बदलला की रसही बदलतो

पुढचा प्रश्न होता, सगळ्या अन्नाला सारखाच रस सुटतो का? त्यासाठी पावलोव्ह यांनी जठराचा एक छोटा कप्पा वेगळा शिवून काढला, त्याचे मज्जातंतू शाबूत ठेवून. मोठ्या जठरात अन्न पचत असताना या छोट्या कप्प्यात अन्न न मिसळलेला शुद्ध रस जमायचा. ही किचकट शस्त्रक्रिया ज्या कुत्र्यावर साधली त्याचे नाव द्रुझोक, म्हणजे ‘छोटा मित्र’.

द्रुझोकने दाखवले ते असे. मांसाला भरपूर आणि जास्त आम्ल रस सुटतो. पावाला रस कमी, पण तो पचनशक्तीने सर्वांत तेज असतो आणि बराच वेळ पाझरत राहतो. दुधाला सर्वांत सौम्य. चरबी मात्र रसाला उलट आवर घालते. लाळेचेही तसेच होते. कोरड्या पावाच्या चुऱ्याला भरपूर लाळ, ओल्या मांसाला कमी. शरीर आलेल्या अन्नाप्रमाणे रस ‘बेतते’, ही कल्पना त्या काळाला नवी होती.

१८९७ मध्ये ही सगळी व्याख्याने पुस्तकरूपाने आली. त्यात पावलोव्ह यांनी डॉक्टरांनाही टोकले होते. रुग्णाच्या खाण्याच्या इच्छेकडे वैद्यक लक्ष देत नाही, ही त्यांची तक्रार होती. कामाचे विचार बाजूला ठेवून, वेगळ्या खोलीत, चार माणसांत बसून चवीने जेवण्याच्या रीतीला त्यांच्या मते शरीरशास्त्राचा आधार होता. कडू औषधाने भूक का वाढते, याचे उत्तरही त्यांनी जठरात न शोधता जिभेवर शोधले. मोबाइल बघत जेवणाऱ्या पिढीला हे ऐकवायला ते आज हवे होते.

एक मजेशीर जोडधंदाही यातून उभा राहिला. गळा कापलेले धिप्पाड कुत्रे ओळीने उभे करून, त्यांना मांस दाखवत आणि चारत, त्यांचा जठररस गोळा केला जाई आणि बाटल्यांत भरून अपचनाचे औषध म्हणून विकला जाई. वर्षाला हजारो बाटल्या खपत आणि प्रयोगशाळेला त्यातून चांगली कमाई होई. कारखान्याची उपमा इथे शब्दशः खरी होती. शंभरच्या आसपास संशोधक, बहुतेक पदवीसाठी रजेवर आलेले डॉक्टर, पावलोव्ह यांनी वाटून दिलेले विषय घेऊन राबत होते.

लंडनहून आलेला धक्का

पावलोव्ह यांचा एक हट्ट होता. पचनाचे सगळे हुकूम मज्जातंतूंवाटेच जातात, असे ते मानत. १९०२ मध्ये लंडनच्या विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या हट्टाला तडा दिला. लहान आतड्याचे सगळे मज्जातंतू तोडूनही, आतड्यात आम्ल गेले की स्वादुपिंडातून रस येतच होता. आतडे रक्तात एक रसायन सोडत होते आणि ते रसायन रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत निरोप नेत होते. या रसायनाचे नाव सिक्रेटिन. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनीच तीन वर्षांनी रूढ केला.

पीटर्सबर्गमध्ये हे ऐकून नाराजी पसरली. पावलोव्ह यांनी तो प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करून बघायला सांगितला. सगळे सहकारी भोवती उभे होते आणि निकाल लंडनसारखाच आला. पावलोव्ह काही न बोलता आपल्या खोलीत गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले आणि ते दोघे बरोबर असल्याचे त्यांनी मान्य केले, अशी हकीकत त्यांच्या शिष्यांनी नोंदवली आहे. दोन वर्षांनी नोबेल मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले रशियन.

हा धक्का आजच्या बातम्यांशी थेट जोडलेला आहे. वजन कमी करणारी जी इंजेक्शने सध्या गाजत आहेत, ती आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या हार्मोनची नक्कल करतात आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात. आतडे रक्तावाटे निरोप पाठवते, हे आधी सिक्रेटिनने दाखवून दिले होते.

मग घंटेचे काय?

तोंडात घास नसतानाही कुत्र्यांची लाळ सुटते, हे पचनाच्या प्रयोगांत वारंवार दिसत होते. अन्न दिसले की, भांडे वाजले की, खायला घालणाऱ्या माणसाची पावले ऐकू आली की लाळ हजर. इतरांना हा प्रयोगातला अडथळा वाटला असता. पावलोव्ह यांनी १९०० नंतरचे जवळजवळ सगळे आयुष्य त्यालाच वाहिले. कुत्र्याच्या मनात काय चालले असेल याचे तर्क करायचे नाहीत, लाळेचे थेंब मोजायचे, हा त्यांचा नियम.

घंटा त्यांनी वापरलीच नाही असे नाही. पण जास्त भर मेट्रोनोम, बझर, दिवे आणि त्वचेवरच्या हलक्या स्पर्शावर होता. मेट्रोनोमच्या टकटकीनंतर दर वेळी अन्न मिळाले की काही दिवसांत नुसत्या टकटकीला लाळ सुटते. टकटक चालू ठेवून अन्न देणे थांबवले की लाळ हळूहळू आटते. पण काही काळ मध्ये गेला की ती अचानक परत येते. डाएट सुरू करून महिनाभर गोड सोडलेल्या माणसाला मिठाईच्या दुकानासमोर जे होते, त्याची ही प्रयोगशाळेतली आवृत्ती म्हणता येईल. शिकलेली भूक पुसली जात नाही, दबून राहते.

यात एक अट होती. कुत्रा उपाशी असला तरच लाळ जोमाने सुटायची. भरपेट जेवलेल्या कुत्र्याला तीच टकटक ऐकवली तर प्रतिसाद मंदावायचा. म्हणजे बाहेरच्या खुणेइतकीच आतली अवस्थाही महत्त्वाची. यावरून १९१० च्या सुमारास पावलोव्ह यांनी मेंदूत एक ‘अन्नकेंद्र’ असावे, अशी मांडणी केली. रक्तातल्या रसायनांवर नजर ठेवून श्वास चालवणारे केंद्र मेंदूत असते, तसेच उपाशी प्राण्याच्या रक्तातला बदल ओळखून भूक जागवणारे हे केंद्र. जीभ आणि पोटाकडून येणारे निरोपही तिथेच पोहोचत असणार. हे केंद्र नेमके कुठे, हे दाखवण्याची साधने त्यांच्याकडे नव्हती.

ते दाखवण्यात पुढे एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. बाल कृष्ण आनंद यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासोबत काम करताना १९५१ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंचा अगदी छोटा भाग निकामी केला. उंदरांनी खाणे सोडले आणि समोर अन्न असताना ते उपाशी मेले. हायपोथॅलॅमसच्याच मधल्या भागाला इजा केली तर उंदीर बेसुमार लठ्ठ होतात, हे आधीच माहीत झाले होते. आनंद यांनी पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरशास्त्र विभाग उभा केला.

आजचे चित्र दोन केंद्रांपेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडून साठा किती आहे ते मेंदूला कळवतात (शोध १९९४ चा), रिकामे पोट घ्रेलिन सोडून भूक वाढवते (१९९९). लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू त्याला दाद देईनासा होतो. २०१५ मध्ये उंदरांवर दिसले की भूक जागवणाऱ्या पेशी अन्न दिसताक्षणीच, पहिल्या घासाआधी शांत होऊ लागतात. मेंदू अंदाज बांधतो, हे पावलोव्ह यांचे म्हणणे इतक्या वर्षांनी थेट पेशींत दिसले.

आणि आहाराचा परिणाम? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये केविन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्हीत साखर, चरबी, तंतू यांचे दिलेले प्रमाण सारखेच होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेला फसवता येते, हे खाद्यकंपन्यांना शास्त्रज्ञांच्या बरेच आधी उमगले असावे.

बटाटे, गाजरे आणि उपाशी कुत्रे

१९१७ च्या क्रांतीनंतर यादवी युद्ध पेटले आणि पेट्रोग्राड शहरात अन्नाचा दुष्काळ पडला. पावलोव्ह सत्तरीला आले होते. नोबेलची रक्कम बुडाली होती. याच वर्षांत त्यांनी एक मुलगा गमावला, दुसरा बोल्शेविकांविरुद्ध लढायला गेला आणि परदेशी निघून गेला. वडिलांकडून शिकलेले बागकाम आता हौस राहिले नव्हते. संस्थेच्या आवारात मिळालेल्या तुकड्यावर ते स्वतः खणून भाज्या पिकवत. १९२० मध्ये भेटायला आलेले इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी पाहिले ते असे: जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ जुनाट कोटात आणि अभ्यासिकेत बटाट्यांचे, गाजरांचे ढीग.

कुत्र्यांना कोण विचारतो! एकेक करून ते भुकेने मरत गेले. जे जगले त्यांच्यावर प्रयोग चालूच राहिले आणि त्यातून एक वेगळीच नोंद हाती आली. उपाशी कुत्र्याचे प्रतिसाद तीव्र होतात, हे आधीचे ज्ञान. पण उपासमार लांबली तेव्हा उलटे घडले. वर्षानुवर्षे शिकवलेल्या खुणांना लाळ सुटेनाशी झाली, दोन खुणांमधला फरक कुत्र्यांना कळेनासा झाला. थोडी भूक मेंदूला सतर्क करते, कुपोषण त्याला मिटवत नेते. हे निरीक्षण नोंदवणारे स्वतःही अर्धपोटीच होते.

१९२० मध्ये पावलोव्ह यांनी सरकारकडे देश सोडण्याची परवानगी मागितली. जगात नाव असलेला शास्त्रज्ञ हातचा जाऊ देणे लेनिनना परवडणारे नव्हते. जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांच्या सहीने खास फर्मान निघाले: पावलोव्ह यांच्या कामाला सर्व सोयी द्याव्यात, त्यांना आणि त्यांच्या पत्नीला विशेष शिधा द्यावा. सहकाऱ्यांना मिळणार नसेल तर आपल्या एकट्यापुरता जादा शिधा नको, अशी पावलोव्ह यांची भूमिका होती. ते देशातच राहिले. सोव्हिएत राजवटीवर उघड टीका करत राहिले आणि त्याच राजवटीचा पैसा त्यांच्या प्रयोगशाळांना मिळत राहिला. या व्यवहारात कोणी कोणाला वापरले, यावर इतिहासकारांचे एकमत होणे कठीण आहे.

१९३५ च्या उन्हाळ्यात लेनिनग्राडमध्ये जगभरचे शरीरशास्त्रज्ञ आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी जमले. यजमान होते ८५ वर्षांचे पावलोव्ह. त्याच सुमारास त्यांच्या संस्थेच्या बागेत कुत्र्याचे एक स्मारक उभे राहिले, ते पावलोव्ह यांच्याच आग्रहाने. पुढच्या हिवाळ्यात, २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. स्मारकावरचा कुत्रा आजही त्या बागेत बसलेला आहे.